केसपेपरवरील ‘अ‍ॅलर्जी’चा रकाना

(रुग्णालयातील परिचारिका, नोंदणी विभाग, रक्तपेढी व अन्य कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



शरीराच्या प्रतिकारशक्तीविषयी बोलण्याचा अधिकार वस्तुतः व्यासपीठावर बसलेल्या डॉक्टरांचा आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझे आयुष्य खतावणी, पावत्या आणि रजिस्टरे यांत गेले. तरीही हा विषय मी मागून घेतला, त्याला एक प्रसंग कारणीभूत आहे.

पावसाळ्यात, रोपलावणीच्या दिवसांत, पश्चिमेकडील डोंगराळ भागातून एक शेतकरी घोणस चावल्यामुळे आपल्याकडे दाखल झाला. त्यास प्रतिविषाच्या, म्हणजे लोक ज्याला सापाची लस म्हणतात तिच्या, मात्रा देण्यात आल्या. गृहस्थ वाचला आणि पाचव्या दिवशी घरी गेला. लस दिल्यापासून आठव्या दिवशी त्याला ताप भरला, अंगभर गांधी उठल्या, गुडघे व मनगटे सुजली. घरच्यांनी एकच अर्थ काढला, की विष पुन्हा चढले. दोन दिवस देवऋषाकडे गेले. तिसऱ्या दिवशी रुग्ण आपल्याकडे आला तेव्हा डॉक्टरांनी पाच मिनिटांत निदान केले. थोड्या दिवसांच्या गोळ्यांनी तो बरा झाला. मी त्याचे डिस्चार्ज कार्ड मागवून पाहिले. त्यावर गोळ्यांची नावे होती, जखमेची निगा होती, पुढील तपासणीची तारीख होती. आठवडाभराने असे काही होऊ शकते, याविषयी एक अक्षर नव्हते. ते कार्ड माझ्या कार्यालयाने छापून घेतलेले होते.

त्या रात्री मी आपल्या केसपेपरचा नमुनाही काढून पाहिला. त्यावर एक रकाना आहे: ‘अ‍ॅलर्जी: आहे / नाही’. हिशेबाच्या वहीत ‘किरकोळ खर्च’ नावाचे एक खाते असते. ज्याचे काय करावे ते कळत नाही, ते तेथे टाकले जाते. लेखापरीक्षकाची नजर प्रथम त्या खात्यावर जाते, कारण मोठी गडबड तेथेच लपते. आपला ‘अ‍ॅलर्जी’चा रकाना हे आपले किरकोळ खाते झाले आहे. कुणाला इंजेक्शननंतर घेरी आली, कुणाला रक्त चढवताना थंडी वाजली, कुणाला केसांच्या कलपाने कपाळ सुजले, कुणाला सापाच्या लसीनंतर आठवड्याने सांधे धरले; सगळ्यांपुढे एकच खूण.

अ‍ॅलर्जी हा शब्द १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञाने घडवला. आपल्या परिभाषेत त्यास ‘अधिहर्षता’ म्हणतात. तीत हर्ष मानण्यासारखे काही नाही, अंगावर शहारे येणे हा हर्ष या शब्दाचा जुना अर्थ तेथे आहे. पुढे १९६३ साली फिलिप गेल आणि रॉबिन कूम्ब्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी या अतिसंवेदनशील प्रतिक्रियांची चार प्रकारांत विभागणी केली. शरीर ही विभागणी वाचून वागत नाही, अनेक आजारांत दोन-तीन प्रकार एकत्र असतात, आणि तज्ज्ञांनी नंतर त्यांचे पोटप्रकारही केले आहेत. परंतु साठ वर्षे उलटून गेल्यावरही तीच चौकट शिकवली जाते, आणि मला ती पटली, कारण प्रत्येक प्रकाराचे घड्याळ निराळे आहे. रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकाला एकच प्रश्न नीट विचारला, ‘किती वेळाने झाले?’, तर निम्मे काम होते. हा प्रश्न विचारण्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. तो नोंदणीच्या खिडकीवरही विचारता येतो.

पहिल्या प्रकाराचे घड्याळ मिनिटांचे. पूर्वीच्या संपर्कात शरीराने एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे, ज्यांना आपण अँटिबॉडी म्हणतो, तयार करून ठेवलेली असतात. ती मास्ट नावाच्या पेशींवर दबा धरून असतात. तोच पदार्थ पुन्हा आला की त्या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन व अन्य द्रव्ये सांडतात. नाकात सांडली तर शिंका, त्वचेत सांडली तर गांधी, श्वासनलिकेत सांडली तर धाप. आणि सर्वांगात एकदम सांडली तर रक्तदाब कोसळतो, घसा सुजतो आणि माणूस डोळ्यांदेखत जाऊ शकतो. शेवटच्या अवस्थेस अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. हे नाव फ्रान्समधील शार्ल रिशे व पोल पोर्तिए यांनी १९०२ साली दिले. समुद्री प्राण्याचे विष थोडे थोडे देऊन कुत्र्यांना सुरक्षित करावे, हा त्यांचा प्रयत्न. प्रत्यक्षात काही आठवड्यांनी अगदी अल्प मात्रा दिली तरी कुत्रे मिनिटांत मेले. रिशे यांस १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ‘पहिल्या वेळी काही झाले नव्हते’ हे नातेवाइकांचे वाक्य आपल्याला दिलासा देणारे का नाही, हे त्या कुत्र्यांनी दाखवून दिले आहे.

येथे मला खरेदी विभागाच्या नात्याने बोलायचे आहे. या आपत्तीत पहिले औषध अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत. प्रौढास एक हजारात एक तीव्रतेचे अर्धा मिलिलिटर; मुलास वजनानुसार कमी. एव्हिल आणि स्टेरॉइड ही मागाहून यायची औषधे आहेत, अ‍ॅड्रेनालिनची जागा ती घेऊ शकत नाहीत, असे आपले भूलतज्ज्ञ वारंवार सांगतात. तरीही हात आधी एव्हिलकडे जातो, कारण ते ट्रेमध्ये समोर असते. अ‍ॅड्रेनालिनची कुपी आपण विकत घेत असलेल्या सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी आहे. ती कुलुपात ठेवण्याचे कारण नाही. द्रावण गुलाबी वा तपकिरी दिसले तर ती टाकून द्यावी. मोडतोडीच्या नोंदीची चिंता माझ्यावर सोडावी.

दुसऱ्या प्रकारात प्रतिपिंडे थेट आपल्याच अथवा परक्या पेशींच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि त्या पेशींचा नाश घडवतात. याचे सर्वांत भयंकर उदाहरण म्हणजे न जुळणारे रक्त. ए व बी गटांविरुद्धची प्रतिपिंडे आपल्या शरीरात कोणतेही रक्त कधी न घेता लहानपणापासूनच असतात. म्हणून येथे पहिली वेळही प्राणघातक ठरू शकते. घड्याळ पुष्कळदा पहिल्या काही मिलिलिटरांचे: कंबर दुखणे, थंडी, ताप, छातीत अस्वस्थता, तांबूस लघवी. रक्त सुरू केल्यावर पहिली पंधरा मिनिटे परिचारिकेने रुग्णाजवळून हलू नये, या नियमाचे मूळ हे आहे.

या प्रकाराचा एक अध्याय महाराष्ट्रातच लिहिला गेला, आणि तो आपल्या रक्तपेढीतील मुलामुलींना पाठ असला पाहिजे. मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयाशी जोडलेल्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना अशा व्यक्ती आढळल्या, की ज्यांच्या तांबड्या पेशी तपासल्या तर गट ओ वाटे, परंतु ओ गटाचे रक्त त्यांच्या रक्ताशी जुळत नसे. कोणाचेच जुळत नसे. १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि त्या गटास जगभर ‘बॉम्बे’ हेच नाव पडले. ए आणि बी हे दोन्ही ज्या पायावर उभे राहतात तो एच नावाचा प्रतिजनच या व्यक्तींमध्ये नसतो. त्यामुळे एचविरुद्धची प्रतिपिंडे त्यांच्या रक्तात असतात. आणि एच सर्वाधिक असते ते ओ गटाच्या पेशींवर. ज्याला आपण सर्वांना चालणारे रक्त समजतो, तेच या माणसाला सर्वांत घातक.

भारतात असे लोक साधारणतः दहा हजारांत एक असावेत असे सांगितले जाते. युरोपात ते त्याहून पुष्कळच दुर्मीळ. म्हणजे ही गोष्ट पुस्तकातली नाही, आपल्या दारातली आहे. केवळ पेशी तपासून ‘ओ’ लिहिणारा तंत्रज्ञ या माणसास ओळखू शकत नाही. रक्तद्रवाची उलट तपासणी, तीही ओ पेशींसह, आणि रुग्णाचे रक्त दात्याच्या रक्ताशी प्रत्यक्ष जुळवून पाहणे, म्हणजे क्रॉसमॅच, हीच यावरील तपासणी. मला हे फार ओळखीचे वाटते. आमच्याकडे रोकडवहीतील शिल्लक आणि बँकेच्या पासबुकातील शिल्लक जुळवतात. एका बाजूच्या आकड्यावर कोणताही लेखापाल सही करीत नाही.

तथापि बॉम्बे गट दुर्मीळ आहे. आपली रोजची भीती त्याहून साधी आहे. चुकीच्या गटाचे रक्त चढण्याच्या घटनांत विज्ञान क्वचितच चुकलेले असते. बहुतेकदा चुकते ते नाव. नमुन्याच्या बाटलीवर चिठ्ठी खाटेजवळ न लावता नर्सिंग टेबलावर येऊन लावली जाते, एकाच आडनावाच्या दोन पाटलांच्या वा दोन कांबळ्यांच्या बाटल्या शेजारी येतात, रात्रपाळीत विचारले जाते, ‘तुम्ही पाटील ना?’ आणि ग्लानीतला माणूस ‘होय’ म्हणतो. नाव आपण सांगू नये, रुग्णाला सांगावयास लावावे. दोघांनी मिळून पिशवी, केसपेपर आणि मनगटावरील पट्टी ताडून पाहावी. येथे शरीराची दुसऱ्या प्रकारची प्रतिक्रिया आपल्या कारकुनी चुकीची वाट पाहत उभी असते, आणि हे क्षेत्र पूर्णपणे माझ्या खात्याचे आहे.

आरएच निगेटिव्ह मातेच्या पोटातील बाळाच्या पेशींवर होणारा हल्लाही याच प्रकारातला. त्यासाठी अँटी-डी इंजेक्शन अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणि प्रसूतीनंतर, बाळ आरएच पॉझिटिव्ह असल्यास, बहात्तर तासांच्या आत द्यावयाचे असते. बहात्तर तासांत रविवार येतो, सणही येतो. औषध दुकानाची किल्ली कोणाकडे आहे, हा प्रश्न त्या वेळी वैद्यकीय प्रश्न होतो. मातेच्या रक्तातील आणि बाळाच्या पेशींवरील ही प्रतिपिंडे शोधणारी चाचणी ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते कूम्ब्स म्हणजे चार प्रकार सांगणारे तेच कूम्ब्स. १९४५ साली ती चाचणी त्यांनी मुरांट आणि रेस यांच्यासह प्रसिद्ध केली. आणि हे रेस भेंडे यांच्या १९५२च्या लेखातील एक सहलेखक होते.

तिसऱ्या प्रकारात घड्याळ दिवसांचे असते, आणि आपल्या शेतकऱ्याचा आजार येथला. सर्पदंशावरील प्रतिविष घोड्यांच्या रक्तद्रवापासून तयार होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम अनेक दशके केलेले आहे. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकत्रित चालते. औषध प्राणरक्षक आहे, त्याला पर्याय नाही. परंतु घोड्याची प्रथिने माणसाच्या शरीरास परकीच. आठवडाभरात शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. तोवर घोड्याची प्रथिनेही रक्तात शिल्लक असतात. दोहोंच्या गाठी बनून त्या सांध्यांत, त्वचेत, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत, कधी मूत्रपिंडात अडकतात आणि तेथे दाह सुरू होतो. घटसर्पावर घोड्याचा रक्तद्रव घेतलेल्या मुलांमध्ये पिर्के आणि बेला शिक यांनी हेच पाहिले आणि १९०५ साली त्यावर पुस्तक लिहिले. आजार बाहेरून आलेल्या पदार्थाने सरळ होत नसून शरीर त्यास जे उत्तर देते त्यातून होतो, आणि उत्तर तयार होण्यास जितके दिवस लागतात तितक्या दिवसांनी तो दिसतो, हे त्यांनी ओळखले. ‘विष पुन्हा चढले’ असे म्हणणाऱ्या घरच्यांना मी हसणार नाही. आम्हीच त्यांना काही सांगितले नव्हते. त्यांनी आपल्या परीने कारण शोधले.

त्याच प्रतिविषाने पहिल्या तासातही गांधी, धाप, रक्तदाब उतरणे असे होऊ शकते. डॉक्टर सांगतात की यांतील पुष्कळशा घटनांत आयजीई प्रतिपिंडांचा हात नसतो, औषधाने ती द्रव्ये अन्य मार्गाने सांडलेली असतात. म्हणून त्वचेत थेंब टोचून आधी पाहण्याची जुनी चाचणी उपयोगी ठरत नाही, आणि ती करू नये असेच आजच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. उपचार मात्र तोच: अ‍ॅड्रेनालिन हाताशी भरलेले, आणि प्रतिविष देताना कोणीतरी जवळ. ‘सापाच्या लसीची अ‍ॅलर्जी’ अशी नोंद पाहून पुढच्या दंशाच्या वेळी प्रतिविष नाकारले गेले, तर आपल्या एका शब्दाने माणूस मरेल.

कारखानदारीच्या या जिल्ह्यात तिसऱ्या प्रकाराचे आणखी एक रूप ठाऊक असावे. उसाचा ताजा बगॅस निरुपद्रवी असतो. तो ढिगात ओला राहून आत तापला, की त्यावर उष्णता मानवणारे सूक्ष्मजीव वाढतात आणि त्याची धूळ वर्षानुवर्षे श्वासात घेणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसांत तिसऱ्या व चौथ्या प्रकारांची मिश्र प्रतिक्रिया होते. यास बगॅसोसिस म्हणतात. कामावरून घरी गेल्यावर, संपर्कानंतर चार ते आठ तासांनी, ताप, कोरडा खोकला, धाप. सुट्टीत बरे वाटते, कामावर गेले की पुन्हा सुरू. असा माणूस आला की ‘काम काय करता?’ हे विचारल्याखेरीज कागद पुढे जाऊ नये. आपल्या केसपेपरवर व्यवसायाचा रकाना आहे. त्यात बहुधा ‘शेती’ किंवा ‘नोकरी’ एवढेच असते.

चौथा प्रकार सावकाश. येथे प्रतिपिंडांचा संबंध नाही. टी-पेशी हे काम करतात आणि त्यांना जमायला दोन दिवस लागतात. आपल्या आजीला हे ठाऊक होते: बिब्बा उतला तर तो लगेच उतत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोड येतात. पुणे परिसरात १९५०च्या दशकात नोंदले गेलेले आणि मग देशभर पसरलेले गाजर गवत असेच आहे. पापण्या, मान, कोपराची खोबण येथील त्वचा जाड व काळी झालेले किती शेतकरी आपल्या त्वचारोग विभागात येतात, ते येथील डॉक्टर जाणतात. कलप, सिमेंटमधील क्रोमियम, नकली दागिन्यांतील निकेल हे सगळे याच पंक्तीतले. हुपरीची चांदी जवळ असताना लोक ‘जर्मन सिल्व्हर’ घेतात. तीत चांदी मुळीच नसते, निकेल असते. कोल्हापुरी चप्पल मात्र हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावलेल्या कातड्याची असेल तर क्रोमियमच्या आरोपातून मुक्त आहे, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो.

क्षयाच्या माँटू चाचणीत आपण हीच प्रतिक्रिया मुद्दाम घडवून आणतो. ४८ ते ७२ तासांनी हातावरची कठीण गाठ मोजावयाची. तांबूसपणा मोजावयाचा नाही. गुरुवारी दुपारी टोचलेल्या चाचणीचे ४८ तास शनिवारी दुपारी भरतात, तेव्हा आपला बाह्यरुग्ण विभाग बंद झालेला असतो. ७२ तास भरतात तो रविवार. गगनबावड्याहून एस.टी.ने आलेला माणूस बंद दार पाहून परत जातो आणि आपण नोंदवतो, ‘रुग्ण आला नाही’. गुरुवारची माँटू आता बंद केली आहे.

कुष्ठरोगाच्या बाबतीत एक सावधगिरी. तेथे ‘टाइप वन रिअ‍ॅक्शन’ म्हणतात ती या वर्गीकरणातील चौथ्या प्रकारची असते आणि ‘टाइप टू’ म्हणतात ती तिसऱ्या प्रकारची. दोन निरनिराळ्या वह्यांतील खाते क्रमांक आहेत हे. त्यांची गल्लत करू नये.

शेवटी पेनिसिलिनविषयी. हे एकच औषध चारही प्रकारच्या प्रतिक्रिया घडवू शकते: मिनिटांत अ‍ॅनाफिलॅक्सिस, तांबड्या पेशींचा नाश, आठवड्याने ताप व सांधेदुखी, आणि काही दिवसांनी पुरळ. त्यामुळे ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे’ या वाक्याला काळाखेरीज अर्थ नाही. परदेशातील तपासण्यांत असे लिहिलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांना ते औषध प्रत्यक्षात सोसते असे आढळले आहे. लहानपणचे विषाणूचे पुरळ औषधाच्या माथी मारलेले असते. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप दुखावलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. तो तापही मूलतः दुसऱ्या प्रकाराशी नाते सांगणारा: घशातील जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे हृदयावर उलटतात. आईने सांगितले, ‘एकदा अंगावर उठले होते’, आपण लाल शाईने ‘अ‍ॅलर्जी’ लिहिले, इंजेक्शने थांबली, पुन्हा ताप, पुन्हा झडप. उलटपक्षी, खरोखर पाच मिनिटांत घेरी येऊन पडलेल्या माणसाचीही नोंद तीच आणि शाईही तीच. कोणता रुग्ण कोणता, हे मध्यरात्री कर्तव्यावरील तरुण डॉक्टरने त्या एका शब्दावरून कसे ओळखावे?

नव्या छपाईत ‘आहे / नाही’ हे शब्द काढले आहेत. त्या जागी चार ओळी आहेत: कोणता पदार्थ, नेमके काय झाले, किती वेळाने, तेव्हा काय उपचार करावे लागले. माहिती नसेल तर ‘माहिती नाही’ असे लिहावे. ‘नाही’ असे लिहू नये. खिडकीवरील रांग यामुळे लांबेल, याची मला कल्पना आहे. सकाळी नऊ ते अकरा एक जादा माणूस बसवण्यास विश्वस्त मंडळाने मान्यता दिली आहे, त्याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे.

आणि सर्पदंशाच्या रुग्णांच्या डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांच्या संमतीने जो मजकूर घेतला आहे, तो वाचून दाखवतो आणि आपली रजा घेतो: ‘लस घेतल्यापासून साधारण पाच ते बारा दिवसांत ताप, अंगावर गांधी किंवा सांधेदुखी झाल्यास हे विष पुन्हा चढलेले नाही. यावर उपचार आहे. त्याच दिवशी, हे कार्ड घेऊन, अपघात विभागात यावे. रात्र असली तरी यावे.’